कापराच्या पेटीतली मिरी

खारवण बंदरात उतरलेला माल जकातदार त्र्यंबकराव कोणत्या नावाने लिहून घेतात, यावर त्या मालाचं नशीब ठरायचं. पूजेचं सामान उभ्याउभ्या सुटायचं. मसाला मात्र तीन दिवस चटईवर पसरून, निवडून तपासला जायचा.

द्वारकाबाईंनी होती नव्हती ती पुंजी घालून समुद्रापलीकडून कापराच्या दोन पेट्या मागवल्या होत्या. त्र्यंबकरावांनी झाकण उघडलं आणि आतले काळे दाणे चिमटीत धरले. "मिरी! म्हणजे हा मसाला. पसरा चटईवर."

बाई लगबगीने पुढे झाल्या. तीन दिवस उघडा राहिला, तर कापूर उडून नुसती चटईच उरणार. "रावसाहेब, कापूर उडू नये म्हणून त्यात मिरी घालतात. घरोघरची रीत आहे."

"घरची रीत घरी. पेटीत जे दिसतं, तेच मी लिहितो."

बड्या व्यापाऱ्याने दुसरं जहाज मागवलं असतं. बाईंपाशी तिसरी पेटीसुद्धा नव्हती.

नोंद करायला त्र्यंबकरावांनी दप्तराची पेटी उघडली. कसर लागू नये म्हणून कागदांवर कडुनिंबाचा पाला पसरलेला होता. दारात बसलेली कुणाची तरी शेळी वास लागताच उठून उभी राहिली.

"रावसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "ही पेटी दप्तराची की पाल्याची? पाल्याची असेल, तर शेळीला आत येऊ देते."

त्र्यंबकरावांनी आधी घाईघाईने झाकण लावलं. मग वहीत लिहिलं, 'कापूर'.