राखणदार खार

माणसांनी कणग्या विणायच्याही आधीची गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत पाखरांची ज्वारी साठवलेली असे आणि राखणीला होती चिंगी खार. तिचा नियम कडक: आत कुणी शिरायचं नाही, राखणदाराकडे मागायचं.

एकदा साळुंकी आली. "चिंगीताई, पिल्लं उपाशी आहेत गं, चोचभर ज्वारी दे."

"आत्ता देते!" म्हणत चिंगी ऐटीत वळली आणि नियमाप्रमाणे दारात येऊन म्हणाली, "राखणदार, ज्वारी द्या." राखणदार तीच! "आत्ता देते!" म्हणत ती पुन्हा वळली, पुन्हा मागू लागली. गरगर फिरून शेवटी भोवळ येऊन कोसळली.

साळुंकी म्हणाली, "अगं, नियम आम्हा बाहेरच्यांना. तू कुणाकडे मागतेस? सरळ आत जा."

चिंगी उठली, आत शिरली. पिल्लं जेवली.

नियम पुढेही तितकाच कडक राहिला. फक्त राखणदार पुन्हा कधी स्वतःच्याच दारात हात पसरून उभी राहिली नाही.