भृंगराजाची वर्दी आणि वानराची फांदी

ऐन, धावडा आणि मोह यांची दाटी असलेल्या एका रानात एक वानर राहत असे. खरे म्हणजे ‘राहत असे’ हे आपण म्हणायचे. तो एका जागी कधी राहतच नसे. आत्ता या फांदीवर, तर जरा वेळाने त्या. खाता खाता उठे, उठल्यावर मागे वळून बघे, आणि मागे काही दिसले नाही तर ‘दिसले कसे नाही?’ म्हणून पुन्हा बघे. त्याच्या जिवाला म्हणून चैन नव्हती. बाकीचे वानर त्याला हसत. पण मुलांनो, टेहळणीला असाच जीव लागतो, म्हणून तर ते काम त्याच्याकडे आले होते.

काम असे होते. रोज उजाडले की वानराने तीन झाडांवर चढायचे. टेकडीवरच्या ऐनावरून पायवाटा बघायच्या, नाल्याकाठच्या अर्जुनावरून पाणवठा आणि पलीकडचे बांबूचे बेट बघायचे, माळावरच्या मोहावरून गवत बघायचे. मग खाली थांबलेल्या हरणांना वर्दी द्यायची: कुठे शांत आहे, कुठे जपून जावे, आज कोणत्या अंगाला चरावे. वर्दी संपली की बसलेली फांदी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. चार कोवळी पाने खाली पडत. ‘हे मी माझ्या डोळ्यांनी बघितले आहे’ अशी ती खूण होती. हरणे ती पाने खात आणि मगच चरायला जात. याच्या बदल्यात वानर पाण्यावर उतरले की हरणे वारा हुंगत त्यांची राखण करत. हा करार कुणी केला, कधी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण आजवर कुणी तो मोडला नव्हता.

त्या उन्हाळ्यात गवत विरळ झाले आणि हरणांचा कळप तीन ठिकाणी पांगला. एकाच्या तीन वर्द्या झाल्या. एका कळपाला सांगून दुसऱ्याकडे पोचेपर्यंत पहिल्याची खबर शिळी झालेली असे, आणि तिसरा कळप तोवर वाट बघून कंटाळून निघून गेलेला असे. वानराची पार त्रेधा उडाली. दुपारी झाडावर टेकला तरी त्याची शेपटी अस्वस्थपणे हलत राही.

अशात एक हरिणी त्याच्याकडे आली. मागच्या साली तिचे पाडस कोल्ह्यांनी नेले होते. यंदाचे चार दिवसांचे होते. ती इकडेतिकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, “दादा, माझं पाडस बेटाच्या मागे, त्या वाकलेल्या बांबूपाशी गवतात ठेवलंय. उभं राहतं, पण पळता येत नाही अजून. चरायला गेले नाही तर दूध आटतं, आणि गेले तर सगळा जीव इकडे. रोज तेवढं बघशील? तुलाच सांगितलंय, दुसऱ्या कुणाला नाही.”

“बघीन ताई,” वानर म्हणाला. “तू निर्धास्त जा.”

हरिणी खरोखरच निर्धास्त गेली. वानराच्या डोक्यात मात्र आणखी एक काळजी येऊन बसली.

त्याच रानात एक भृंगराज होता. काळाभोर पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, आणि गळा असा की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. शिक्रा, मोर, तांबट, खार, ज्याचा म्हणाल त्याचा आवाज तो हुबेहूब काढी. आयुष्यभर दुसऱ्यांचे ऐकून ऐकून त्याच्याजवळ इतके साठले होते की कशाबद्दलही विचारा, ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. तुमच्या घरच्या मोठ्यांच्या ऑफिसात हल्ली एआय नावाचे यंत्र आले आहे ना, सांगाल ते झरझर लिहून देणारे? त्याच जातीचा हा भृंगराज समजा. स्वभावाने मात्र गरीब आणि कामाला तत्पर. त्याच्या मनात काळेबेरे काही नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

वानराची धावपळ बघून तो म्हणाला, “वानरदादा, तुम्ही कशाला मरमर करता? काय बघितलंत ते मला सांगा. मी तुमच्याच आवाजात तिन्ही कळपांना वर्दी देतो.”

वानराने करून पाहिले. तिन्ही झाडे चढून आला, जे दिसले ते सांगितले. भृंगराजाने एका दमात त्याची अशी सुबक वर्दी बांधली की वानर स्वतःच ऐकत राहिला. आवाज त्याचा, खोकणे त्याचे, मध्येच थांबण्याची लकबही त्याचीच; फक्त त्याचे अडखळणे तेवढे गळून गेले होते. तिन्ही कळपांना वेळेवर खबर पोचली. हरणे खूश, वानर खूश. इथपर्यंत सगळे छान होते, आणि गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते.

पण पाचव्या दिवशी वानराला उठायला उशीर झाला. ऐन झाला, अर्जुन झाला. मोहापर्यंत जायला वेळ उरला नाही. “माळाचं काय?” तो धास्तावून म्हणाला. भृंगराज म्हणाला, “ते मी बघतो,” आणि त्याने वर्दीत घालूनही टाकले: “माळावर शांत आहे.” त्या दिवशी माळावर खरोखरच काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी वानराने अर्जुनही सोडला. तरी वर्दी तितकीच सुबक आली आणि हरणे तितक्याच विश्वासाने चरायला गेली. आठवड्याभरात वानर त्या तिन्हींपैकी एकाही झाडावर चढेनासा झाला. फांदी हलवण्याची पद्धतही सुटली, कारण भृंगराज बसला की फांदीवरचे पानसुद्धा हलत नसे, आणि सकाळच्या गर्दीत ते कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही. एका म्हाताऱ्या हरणाने विचारले, “पानं पडली नाहीत आज?” त्याला दोघातिघांनी गप्प केले.

एवढ्यावर भागले नाही. एकदा भृंगराज म्हणाला, “दादा, कुणाला कशाची काळजी आहे ते सांगितलंत तर वर्दी अजून नेमकी बसेल.” वानराने जराही मागेपुढे पाहिले नाही. कोणते हरीण लंगडते, कोणाला पाण्याची भीती आहे, सगळे सांगितले, आणि त्या ओघात वाकलेल्या बांबूपाशी ठेवलेले पाडसही सांगून टाकले. ‘तुलाच सांगितलंय’ हे हरिणीचे शब्द त्याला आठवले, पण सांगून झाल्यावर. ‘भृंगराज काही परका नाही,’ अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि उंबराच्या झाडाकडे निघून गेला.

आता काम नव्हते, धाव नव्हती, समोर पिकलेली उंबरे होती. कुणीही म्हणेल, वानर सुखात असेल. छे! तो पूर्वीपेक्षा जास्त तळमळत होता. पूर्वी काळजी वाटली की झाडावर चढून बघता तरी येई. आता काळजी तेवढी उरली होती. एक उंबर तोंडात टाकी, अर्धे खाली थुंकी, फांदी बदली, पुन्हा पहिल्या फांदीवर येई. आणि अशाच एका सकाळी खालून एक लांडोर मान वर करून म्हणाली, “काय हो वानरदादा, त्या वाकलेल्या बांबूपाशी ठेवलेलं पाडस आता पळायला लागलं का?”

वानराच्या हातातले उंबर गळून पडले. “तुला कुणी सांगितलं?”

“भृंगराजानं. काल पाण्यावर आम्ही विचारलं, रानात नवीन काय? तर त्यानं सगळं गाऊन दाखवलं. किती गोड गातो हो!”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

“आम्ही लांडोरी, दोन रानडुकरं, एक मुंगूस.” लांडोरीने जरा आठवून पाहिले. “आणि पलीकडच्या खडकावर बिबट्या पडला होता. पण तो झोपला होता बहुतेक. डोळे मिटलेले होते त्याचे.”

वानराने पुढचे ऐकलेच नाही. उंबरावरून धावड्यावर, धावड्यावरून ऐनावर, तिथून नाल्याकडे अशा त्याने उड्या टाकल्या. आजची वर्दी घटकाभरापूर्वीच गेली होती, त्याच्या आवाजात, त्याच्या नावाने: “नाल्यावर शांत आहे, बेटाकडे शांत आहे, खुशाल चरा.” त्या वर्दीवर भरवसा ठेवून हरिणी नाल्याच्या अलीकडे, अर्जुनाखालीच, कळपाबरोबर चरत होती. आणि अर्जुनाच्या शेंड्यावरून वानराला दिसले की बेटाच्या मागे, वारा नसताना, गवताची एक रेघ हळूहळू वाकलेल्या बांबूकडे सरकते आहे.

“खोक्! खोक्!” वानर जिवाच्या आकांताने ओरडला. “बिबट्या! बेटामागे बिबट्या!”

हरणांनी माना वर केल्या. आणि तेवढ्यात शेजारच्या झाडावरून, अगदी त्याच आवाजात, पण कितीतरी शांतपणे, भृंगराज म्हणाला, “बेटाकडे शांत आहे, खुशाल चरा.” त्याला वाटले, कुणी वर्दी पुन्हा विचारते आहे.

हरणे गोंधळली. एकच आवाज दोन गोष्टी सांगत होता. एक आवाज धापा टाकत होता, अडखळत होता. दुसरा रोजच्यासारखा सुबक होता. आठवडाभर ऐकून ऐकून त्यांना सुबक आवाजाचीच सवय झालेली. दोन हरणांनी तर मान खाली घालून पुन्हा गवताला तोंड लावले. हरिणी मात्र कान टवकारून तशीच उभी राहिली. पुढचा पाय उचललेला, तो खाली टेकवायचा की नाही हेही तिला सुचेना.

ओरडून उपयोग नाही, हे वानराच्या ध्यानात आले. आपलाच आवाज आपण देऊन बसलो होतो. आता जवळ उरले होते काय? त्याने दोन्ही हातांनी फांदी धरली आणि अंगातले सगळे बळ लावून ती हलवली. पुन्हा हलवली. अर्जुनाची पाने झडली, डहाळ्या मोडल्या, वाळकी फळे टपटपा हरणांच्या पाठीवर पडली. म्हातारे हरीण ओरडले, “पानं! पानं पडतायत! हा खरा आपला वानर!”

हरिणीने पाय दाणकन आपटला, शेपूट उभारली आणि तीक्ष्ण हाक देत नाल्यात झेप घेतली. तिच्यामागे सगळा कळप हाका देऊ लागला. झाडाझाडांवरचे वानर उठले, मोर ओरडले, सगळे रान एका बाजूला तोंड करून ओरडू लागले. मुलांनो, बिबट्याचे सगळे बळ लपण्यात असते. आपण उघडे पडलो हे कळताच तो गवतातून उठला, एकदा त्या अर्जुनाकडे बघून घाई न करता निघून गेला. वाकलेल्या बांबूपासून तो फार तर दोन झेपा दूर होता. पाडस मान जमिनीला टेकवून तसेच पडून होते, आईने शिकवले होते तसे.

वानराने भृंगराजाला अर्जुनावर बोलावून घेतले. “तू खोटं का बोललास?”

“मी खोटं नाही बोललो,” भृंगराजाला खरोखरच वाईट वाटले. “काल शांत होतं, परवा शांत होतं, म्हणून आजही शांत म्हटलं. ऐकायला ते बरोबर वाटत होतं. माझं काम ऐकलेलं जुळवायचं. बघायचं काम तुमचं होतं ना, दादा?”

“आणि पाडसाचं सगळ्यांना का सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं. तुम्हीही सांगताना, सांगू नकोस असं म्हणाला नव्हतात. आणि खरं सांगू? म्हणाला असतात तरी माझ्या गळ्यात शिरलेलं कधी बाहेर पडेल, हे माझं मलाही ठाऊक नसतं.”

भृंगराजाच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ हे शब्द वानराने पहिल्यांदाच ऐकले. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्या झाडावर पुरेशी पानेही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो ऐनावर होता. मग अर्जुन, मग मोह. जे दिसले तेवढेच भृंगराजाला सांगितले, आणि वर्दी पाठवण्याआधी त्याच्याकडून पूर्ण म्हणवून घेतली. भृंगराजाने सवयीने मध्येच जोडले, “टेकडीवरही शांत आहे.” वानर म्हणाला, “थांब. टेकडीवर धुकं होतं, मला दिसलं नाही. दिसलं नाही असंच सांग.” तशी वर्दी घेऊन भृंगराज तिन्ही कळपांकडे उडाला, आणि वानर प्रत्येक ठिकाणी मागून पोचून फांदी हलवून आला. दमला खरा, पण तीन वर्द्या स्वतः ओरडत फिरण्यापेक्षा कितीतरी कमी. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याची शेपटी थोडा वेळ स्वस्थ लोंबत राहिली.

संध्याकाळी हरिणी झाडाखाली आली. वानराने घाईघाईने विचारले, “ताई, पाडस बरं आहे ना?”

“बरं आहे. जागा बदललीय त्याची.”

“कुठे ठेवलंस?”

हरिणीने मान वर करून त्याच्याकडे बघितले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिने खाली पडलेले एक पान उचलले, सावकाश चावून खाल्ले, आणि जागा न सांगताच निघून गेली. वानर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग उठला आणि उद्याची वाट न बघता पुन्हा अर्जुनावर चढला.

तात्पर्य : हुशार मदतनीस कामाला जरूर घ्यावा, पण बघण्याचे काम त्याच्यावर सोडू नये, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या कानी घालू नये, आणि आपल्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक शब्दामागे फांदी आपल्याच हातांनी हलवावी.