सातव्या महिन्याची सुरमई

वेलापट्टण बंदरावर वज्रबाहू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. बोधिसत्त्वांनी मासे विकावेत हे कसे, असे कुणाला वाटेल. पण जन्म काही निवडून मिळत नाही. खोल समुद्रातली थोर मासळी, माणसाच्या उंचीच्या सुरमई आणि मुशी, त्यांच्याच पेढीवर उतरे.

गावात एक रीत होती. सुनेला सातवा महिना लागला की त्या आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या सुरमईचे डोके केळीच्या पानात बांधून डफ वाजवत तिच्या घरी न्यायचे. डोके जेवढे मोठे तेवढा सुनेचा मान मोठा. कुणाच्या घरी केवढे डोके गेले याची चर्चा विहिरीवर महिनाभर पुरे, आणि ज्या घरी लहान गेले त्या घरची सासू तितके दिवस विहिरीकडे फिरकत नसे.

या मानात धारिणी कुणाला हार जाणारी नव्हती. ती तांडेलाची बायको. तिच्या नवऱ्याच्या शब्दावर दहा नावा समुद्रात जात. तिची सून सामा पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा दोघांना उचलावे लागेल असे डोके घरी आले होते. पण झालेला नातू तीन वर्षांचा होऊनही मान धरीना. हाक मारली तरी वळून पाहीना. बायका म्हणाल्या, "सून खाण्यात चोरटी. पोटभर खाल्लं असतं तर पोर असं झालं नसतं." धारिणीला ते पटले. सामाला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने सातव्या महिन्याची वाटच पाहिली नाही. पाचव्यापासूनच दर बाजाराला ती पेढीवर येऊन मोठ्या सुरमईचे डोके आणि मधल्या तुकड्या नेऊ लागली. सामा नको म्हणाली की समोर बसून स्वतःच्या हाताने भरवी. या बाळासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

बोधिसत्त्वांना मासा घेण्यापूर्वी त्याचे पोट फाडून पाहण्याची सवय होती. माशाने शेवटी काय गिळले यावरून तो कुठल्या पाण्यातला हे त्यांना कळे. एका सकाळी त्यांनी एक जुनी, जाड सुरमई फाडली. आत बांगडे होते. बांगड्यांच्या पोटात मांदेली होती, आणि ती खाडीच्या तोंडाशी मिळणारी मांदेली होती. बोधिसत्त्वांनी सुरी खाली ठेवली.

खाडीच्या तोंडाशी राजाची मुलाम्याची शाळा होती. तिथले सोनार सोने पाऱ्यात कालवून राजवाड्याच्या कळसांवर चढवीत, पारा जाळून टाकीत आणि भांडी खाडीत धूत. पाच-सहा वर्षांत त्यांचे हात थरथरू लागत. पारा अंगात भिनतो आणि मग निघत नाही, हे गावाला ठाऊक होते. पण तीच थरथर बोधिसत्त्वांनी अलीकडे आणखी कुठे तरी पाहिली होती. कधीही मुलाम्याला हात न लावलेल्या श्रीमंतांच्या घरी, त्यांच्याच सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांच्या हातांत. आणि मान न धरणारी मुले? तीही मोठ्या डोक्यांच्या घरांतच होती. वाळूवरच्या झोपड्यांत, जिथे बायका बोंबील आणि मांदेलीवरच दिवस काढीत, तिथे असे एकही मूल नव्हते.

एका मांदेलीत पारा तो किती असणार, कणभर. पण बांगड्याने किती मांदेली खाल्ली, आणि या म्हाताऱ्या सुरमईने वर्षानुवर्षे किती बांगडे गिळले! ते सगळे कण तिच्या मांसात साठले होते, आणि ते मांस डफ वाजवत गावातल्या गरोदर बायकांच्या ताटात जात होते.

एवढ्यात धारिणी आलीच. "शेटजी, आजचं डोकं बांधा."

"आज नाही, धारिणीबाई. मांदेली घेऊन जा."

"मांदेली? समोर एवढी सुरमई पडलीय की! गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहात की नाही?"

बोधिसत्त्वांनी तिला बसवले, फाडलेले पोट दाखवले आणि सगळे सांगितले. धारिणी आधी चिडली, मग त्या फाडलेल्या पोटाकडे पाहत राहिली.

"म्हणजे मी माझ्याच हातानं..."

"तुम्ही मायेनं वाढलंत," बोधिसत्त्व म्हणाले. "मासा माझ्या पेढीवरून आला. दोष माझा आहे, आणि तो मीच चारचौघांत सांगणार आहे."

त्याच दिवशी भर बाजारात उभे राहून त्यांनी तो सांगितला. "मी विकलेल्या थोर मासळीत विष होतं. मला ठाऊक नव्हतं, पण विकलं मीच. आजपासून माझ्या पेढीवर फक्त लहान मासळी मिळेल." बाजारात एकच गिल्ला झाला. दुसऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले, आणि ज्यांच्या घरी तसली मुले होती त्यांतल्या काहींनी दगड उचलले. बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत. तेव्हा पदर खोचून धारिणी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "मारायचं तर आधी मला मारा. या माणसानं निदान सांगितलं तरी!" दगड खाली पडले.

बोभाटा राजापर्यंत गेला. वज्रबाहूने बोधिसत्त्वांना बोलावून दरडावले, "माझ्या मुलाम्याच्या शाळेला दोष देतोस?"

"महाराज, आपला उजवा हात शालीतून बाहेर काढावा."

वर्षभर राजाने तो हात कुणाला दिसू दिला नव्हता. त्याने तो सावकाश बाहेर काढला. हात कापत होता. रोज दोन्ही वेळा त्याच्या पानात सुरमई असे, आणि ती बोधिसत्त्वांच्याच पेढीवरून जाई. राजा आपल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि खरे सांगायचे तर त्याला हायसेच वाटले. हा आपल्या पापाचा भोग, असे तो मनाशी धरून बसला होता. त्याने मुलाम्याचे काम थांबवले, शाळेतला पारा आणि गाळ मडक्यांत बंद करून पाण्यापासून दूर कोरड्या डोंगरात पुरायला लावला, आणि गरोदर बायकांना व लहान मुलांना थोर मासळी देऊ नये अशी दवंडी पिटवली.

सामाचे उरलेले महिने मांदेली, भात आणि सोलकढीवर गेले. धारिणीने मात्र एक दिवसही स्वस्थ घालवला नाही. दोन महिने खाऊ घातले ते पोटात गेलेच होते. मुलगी झाली, जोरात रडली, तरी धारिणीचा विश्वास बसेना. ती रोज नातीला मांडीवर पालथी घालून पाहत राही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सामाने चुलीजवळून हाक मारली. मुलीने मान उचलली, डळमळत तशीच धरली आणि आवाजाकडे वळून पाहिले. धारिणी हुंदके देऊन रडू लागली. सामा घाबरून धावत आली, तर सासू एका मांडीवर नात आणि दुसऱ्या मांडीवर नातू घेऊन रडता रडता हसत होती. "पाहिलंस का गं? हिनं तुझ्याकडं पाहिलं!"

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, दगडांपुढे उभी राहिलेली ती धारिणी म्हणजे आज विहारात आजाऱ्यांची सेवा करणारी वृद्ध उपासिका. आपला हात झाकून ठेवणारा राजा आज तुमच्यात बसला आहे. त्याचे नाव मी घेत नाही, त्याला ते कळले आहे. आणि आपल्याच पेढीवरचे विष आपल्याच तोंडाने सांगणारा तो व्यापारी मी होतो." ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.