फणसाच्या लाकडाचं युकुलेले आणि सात सोनमणी

सांगा बघू बाळांनो, बाजारात गेल्यावर विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलतो त्याच्यावर, की चकचकीत काचेमागे बसतो त्याच्यावर? एक कुंभारीण होती. गिऱ्हाइकाच्या हातात मडकं देण्याआधी ती त्यावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "ऐका, मग घ्या." तिच्या दारात कायम रांग असायची. तिची आठवण ठेवा आणि आता आवडी नावाच्या मुलीची गोष्ट ऐका.

आवडी नऊ वर्षांची. डोंगराच्या कुशीतल्या एका इवल्याशा वाडीत ती राहायची. तिची आई सुरंगीचे गजरे करून विकायची. घरात तांदूळ कधी असायचा, कधी नसायचा. पण आवडीला त्याचं फार वाटायचं नाही. तिला वाटायचं ते नानूचं. नानू तिचा चार वर्षांचा धाकटा भाऊ. मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून तो बोलायचाच थांबला होता. फक्त एकदा, शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्यानं चार तारांचं एक चिमुकलं वाद्य छेडलं, तेव्हा नानूनं मान डोलावली आणि ओठ हलवले. पाहुणा म्हणाला, "याला युकुलेले म्हणतात. गिटारचं पिल्लूच समज." पाहुणा गेला, पिल्लूही गेलं, नानूचे ओठ पुन्हा मिटले.

सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी खुडाव्या लागतात. म्हणून तांबडं फुटायच्या वेळी आवडी राईत जायची. फांदीफांदीला मोत्यांसारख्या टपोऱ्या कळ्या बिलगलेल्या असायच्या. ती टोपली भरायची, पण प्रत्येक झाडाची एक डहाळी तशीच सोडायची. "ही मधमाश्यांची," असं म्हणायची आणि पुढं जायची.

एके दिवशी त्या सोडलेल्या डहाळीवरची एक कळी आपणहून उमलली. आत पिवळ्याधमक परागांच्या गादीवर एक परी बसली होती, करंगळीच्या पेराएवढी. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते आणि झग्याला केशरी झालर होती.

"रोज आमचा वाटा ठेवतेस," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं. कुणाच्या शरीरातलं मला बदलता येत नाही आणि माणसाच्या हातानं घडलेली वस्तू मला देता येत नाही."

आवडीचा चेहरा उतरला. "मग राहिलं काय? मला नानूचं बोलणं हवं होतं. नाहीतर युकुलेले."

परी हसली. "वस्तू नाही, पण मोल देता येईल." तिनं पंख झटकले तशा सात कळ्या आवडीच्या ओंजळीत पडल्या आणि पडता पडता सोन्याचे मणी झाल्या. "मात्र हे मणी घडवणाऱ्याच्याच हातात दे. मध्ये दुसऱ्या कुणाला दिलेस तर त्यांच्या पुन्हा कळ्या होतील. उरतील ते तुझे."

आवडी टुणटुण उड्या मारत बाजारात गेली. काचेच्या दुकानात निळी, लाल, चमचमती युकुलेली टांगलेली होती.

"ये गं चिमणे," तिच्या ओंजळीतले मणी पाहून दुकानदार म्हणाला. "सात मण्यांना देतो."

"काका, हे केलं कुणी?"

"तुला काय करायचंय? रावजी मेस्त्री करतो, ओढ्यापलीकडे. इतकं लांब कशाला तंगडतोड करतेस?"

"मला त्यांच्याकडूनच घ्यायचंय," आवडी म्हणाली आणि निघाली.

ओढ्यापलीकडे फणसाच्या सावलीत रावजी मेस्त्रींची पडवी होती. भुशाचा गोड वास, लाकडाच्या सोनेरी कुरळ्या सालपटांचा ढीग आणि त्यात नाकावर चष्मा सरकलेले आजोबा. आवडीनं नानूची हकिगत सांगितली. आजोबांनी एक पिवळंधम्मक युकुलेले खाली काढलं आणि आधी उलटं धरलं.

"पाठीवर ही गाठ आहे बघ. आमच्याकडे आधी खोट दाखवायची, मग किंमत सांगायची. आवाजाला काही होत नाही, पण तुला ठाऊक असावं."

आवडीनं मणी पुढं केले. आजोबांनी बोटांवर मोजत हिशोब केला. "लाकडाचा एक. तारा नि खुंट्यांचा एक. सरस नि रोगणाचा एक. तीन झाले."

चार मणी उरत होते. चार मण्यांत वर्षभराचा तांदूळ, आईला लुगडं, नानूला सदरा. आवडीची मूठ आपोआप मिटली. तिनं तीन मणी मोजून दिले, युकुलेले उराशी धरलं, पायरीपर्यंत गेली. आणि तिथंच थबकली.

"आजोबा, तुमचा मणी कुठला?"

"माझा कसला? मी घरचाच."

"घडवायला किती दिवस लागले?"

"सत्तावीस. पण ते दिवस असेही गेलेच असते की गं."

आवडी परत फिरली. "माझी आई गजऱ्याचे पैसे सांगते तेव्हा फुलांचे वेगळे सांगते आणि बोटांचे वेगळे. तुम्ही बोटांचे सांगितलेच नाहीत." तिनं मूठ उघडली आणि चारही मणी रंध्याशेजारी ठेवले.

"वेडी का काय? दोन उचल."

"नाही उचलणार."

"मग युकुलेले परत दे."

"विकलेलं परत मागतात होय?"

असा उलटा भाव त्या पडवीत पहिल्यांदाच चालला होता. घेणारी वाढवतेय, देणारा उतरवतोय. शेवटी सहावर सौदा ठरला. सातवा मणी आजोबांनी तिच्या झग्याच्या टोकाला गच्च गाठ मारून बांधला. "हा तांदळाचा," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. आजवर त्यांच्या बोटांचे पैसे कुणी मोजलेच नव्हते.

घरी नानू उंबऱ्यावर बसला होता. आवडी त्याच्याजवळ टेकली. वाजवायचं कसं ते तिला कुठं ठाऊक? तिनं नुसतं बोट फिरवलं. टुंग, टिंग, टुंग, टिंग. नानू सरकत जवळ आला. त्यानं आपलं इवलंसं बोट तारेवर ठेवलं, सोडलं, कान देऊन ऐकलं.

"अजून," नानू म्हणाला.

आई आतून धावत आली, हातातला अर्धा गजरा तसाच लोंबकळत होता. तेवढ्यात युकुलेलेच्या गोल भोकातून पिवळा, केशरी, मोतिया उजेड उसळला आणि त्यात परी उभी राहिली.

"हे माझं नाही," परी हळूच म्हणाली. "हे मेस्त्रींच्या बोटांचं आणि तुझ्या बोटांचं. माझं एवढंच: जी दुसऱ्याचे कष्ट मोजते, तिच्या घरचे कष्ट यापुढं कुणी कमी मोजणार नाही."

उजेड लखलखला, विरला आणि परी दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवसापासून आईनं गजऱ्याची जी किंमत सांगितली ती लोक मुकाट्यानं देऊ लागले. नानू दिवसभर बडबडू लागला, इतका की आवडीला कधी कधी कानांवर हात ठेवावे लागत.

तर बाळांनो, तुम्हीही मोठे व्हाल, हिशोबाच्या वह्या ठेवाल, देणंघेणं मांडाल. तेव्हा एवढं करा. हिशोब खरा लिहा, आणि समोरचा स्वतःचे दिवस धरायला विसरला असेल तर ते तुम्ही त्याच्या नावावर लिहा.