इलाहीचाचाचा तांदूळ

फार वर्षं झाली बाबांनो. फोटो काढायचा म्हणजे माणसं डोकीवरून न्हाऊन यायची, त्या काळातली ही गोष्ट. आपल्या पेवाच्या वाडीत इलाहीचाचा नावाचा म्हातारा होता. बाजारातल्या चिंचेखाली बसायचा आणि घड्याळ, स्टोव्ह, कंदील, जे बिघडेल ते दुरुस्त करायचा. मुक्या वस्तू त्याच्याशी बोलायच्या, असं म्हणतात. हसताय? हसा बापडे. सगुणा मात्र हसली नसती.

सगुणा हळद शिजवायच्या कामावर जायची. नवरा ऐन उमेदीत गेला, मागं एकच लेक, चिमी. काय पोर होती! पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही. दसऱ्याला बाळगोंडा फोटोमास्तर देवळापुढं कॅमेरा मांडून बसले, तशी चिमीनं आईचा पदर धरून तिला ओढत तिथं नेलं.

मास्तर म्हणाले, "सगुणाबाई, लेकीला मांडीवर घेऊन बसा. एकच झक्कास फोटो काढतो."

सगुणाच्या लुगड्याला पुढं, अगदी पोटावर, भलं मोठं ठिगळ होतं. तिला लाज वाटली. ती म्हणाली, "नको मास्तर. तिचा एकटीचाच काढा."

चिमी रुसली. पण खुर्चीवर चढली, आणि नवा पांढरा झगा सावरून राणीसारखी हसत बसली. फोटो निघाला. मग मास्तरांनीच आग्रह केला म्हणून त्याच खुर्चीत सगुणा एकटी बसली, दोन्ही हातांनी ठिगळ झाकून. तोही निघाला. तिसऱ्या माणसासाठी मास्तरांनी रीळ पुढं सरकवायचा दांडा ओढला, तर तो अर्ध्यातच अडकला. पुढं जाईना, मागं येईना. त्या दसऱ्याचे फोटो तिथंच थांबले.

दिवाळीआधी चिमीला ताप भरला आणि पोर गेली. गेली हो! गुळाच्या खड्यासाठी भांडणारी पोर, पणती लावायच्या आधीच गेली.

सगुणाला रडू येईना. तिला एकच घोर लागला. डोळे मिटले की तापानं सुकलेला चेहरा दिसायचा, हसरा आठवायचाच नाही. मग ती उठली आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. "मास्तर, माझी पोर तुमच्या पेटीत हाय. ती तेवढी बाहेर काढा."

मास्तर भला माणूस. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण करणार काय? उघडला तर उजेड लागून रीळ वाया जाणार, आणि जोर लावला तर तुटणार. दोघं कॅमेरा घेऊन चिंचेखाली आले.

इलाहीचाचानं कॅमेरा कानाला लावला. दांड्याला बोटही लावलं नाही. डाव्या अंगाची, रीळ उलटं गुंडाळायची चावी हळूच फिरवून पाहिली. खालचं बारीक बटण दाबून पुन्हा फिरवली, तरी रीळ मागं येईना. मग मान हलवली.

"जोर लावू नगा मास्तर. जोरानं गाढवसुद्धा चालत नाही. आत काहीतरी रुतलंय. काळ्याकुट्ट अंधारात उघडायला पायजे."

आता भर दुपारी असा अंधार कुठं मिळणार? आपल्या वाडीत मिळतो! पेवात. जमिनीत खोल खोल खणलेलं हळदीचं कोठार ते, वरून तोंड एवढंसं. पण पेवात माणसं गुदमरतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. एक रिकामं पेव साफ करायला काढलं होतं, त्याचं तोंड उघडं ठेवून सकाळपासून वारा खेळवलेला होता. चाचा दोर धरून उतरला आणि वरून घोंगड्यांवर घोंगडी पडली.

सगुणा काठावर बसून राहिली. आतून आवाज नाही. कोणी म्हणतं चाचा घटकाभर आत होता, कोणी म्हणतं उन्हं कलली तरी वर आला नाही. आत त्याच्या दहाही बोटांना डोळे फुटले होते, असं म्हणतात. शेवटी दोर हलला. चाचा वर आला तो नखशिखांत पिवळा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. एका हातात काळ्या कापडात घट्ट गुंडाळलेलं रीळ होतं. दुसऱ्या हाताच्या पिवळ्या तळव्यावर कुंकवानं लाल झालेला एक तांदूळ.

मास्तरांनी तो दाणा लगेच ओळखला. खंडेनवमीला त्यांनी कॅमेऱ्याची पूजा केली होती. आतल्या यंत्रालाही देव पावावा म्हणून मागचं झाकण उघडून आतसुद्धा अक्षता वाहिल्या होत्या. झटकल्या तेव्हा एक दाणा दातेरी चाकाशी अडकून राहिला.

"माझ्याच हातानं झालं हे," मास्तर म्हणाले.

चाचानं तो तांदूळ कपाळाला लावला. "श्रद्धेला दोष देऊ नगा. पण पोरी, ऐक. रिळाच्या कडेची भोकं फाटलीत. चाक नुसतंच फिरलं, रीळ जागचं हाललं नाही. चिमीच्या फोटोवरच तुझा फोटो पडला असंल."

सगुणा म्हणाली, "म्हंजे मीच माझ्या लेकीला पुसून टाकलं?"

मास्तर रीळ धुवायला घेऊन गेले. सगुणा त्यांच्या उंबऱ्याशी बसली, घासभरही खाल्लं नाही. मास्तर बाहेर आले ते ओला फोटो दोन्ही हातांत धरून. त्यांनी तो नुसता तिच्यापुढं धरला.

फोटोत चिमी आईच्या मांडीवर बसली होती.

हो! तीच खुर्ची, तीच जागा. ठिगळ झाकायला धरलेले सगुणाचे हात लेकीच्या कमरेभोवती आले होते. पांढऱ्या झग्यामागं ठिगळ दिसतच नव्हतं. आणि पोर हसत होती. सगुणानं फोटो छातीशी धरला आणि हंबरडा फोडला. इतक्या दिवसांचं रडू तेव्हा मोकळं झालं.

चाचानं तो तांदूळ पेवाच्या तोंडाशी पुरला. लागवडीला टरफलासकट भात लागतो, सोललेला तांदूळ उगवत नाही, एवढं मलाही कळतं. पण उगवला, असं म्हणतात. भांडायचं असेल तर गावाशी भांडा.

चाचा गेला, मास्तर गेले. पण आजही वाडीत खंडेनवमीला हत्याराची पूजा झाली की एक तांदूळ बाजूला काढून ठेवतात, तो इलाहीचाचाचा. कुठलं यंत्र अडलं तर आधी त्याचं नाव घेतात, मग हात लावतात, तोही हलकेच. आणि दसऱ्याला त्या पेवापाशी खुर्ची मांडतात. तिथं लेकराचा एकट्याचा फोटो कोणी काढत नाही.

सगुणा म्हातारी होईतो दर दसऱ्याला तिथं येऊन बसायची. एखादी बाई "माझं लुगडं धड नाही" म्हणत मागं सरली, की ती काठी टेकत उठायची आणि तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवायची. आता ते काम गावातल्या म्हाताऱ्या करतात. शब्द तिचेच असतात.

"लुगडं कोण बघतंय गं? घे पोराला मांडीवर."