पितळी खोलीतला रेडिओ

"यातला कुठला लावू, महाराज?"

रत्नाकरशेठ शेटे यांनी आसनासमोर अँटेना ओळीने मांडले होते. नवरीच्या घरच्यांपुढे शालू पसरावेत तसे. एक दांडीचा, ओढला की लांब होणारा. एक चाळणीएवढं गोल कडं. एक नुसती तार, भिंतीवर चिकटवायची. आणि एक चपटी पेटी, विजेवर चालणारी, लाल डोळा वटारून बसलेली.

हरगिरी महाराजांनी सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला.

"तुला कुठला बरा वाटतो?"

"वाटण्याचा प्रश्न नाही, महाराज. पकड कुणाची जास्त, ते बघायचं."

"मग बघ."

रत्नाकरशेठ तालुक्याचे पत्र्याचे व्यापारी. अर्ध्या तालुक्यावर पाऊस पडायचा तो त्यांच्या मालावर वाजून खाली यायचा. देणाराही मोठा माणूस. मठातल्या बाकांवर त्यांचं नाव, पाण्याच्या टाकीवर त्यांचं नाव. सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा होतं. पण फिरत्या पंख्यावरचं नाव वाचता येत नाही, म्हणून शेठ आले की कुणीतरी उठून पंखा बंद करायचं आणि भर उन्हाळ्यात सगळे घाम पुसत त्यांचं नाव वाचत बसायचे.

महाराजांची ही खोलीही त्यांनीच गेल्या वर्षी मढवून दिली होती. भिंती, छत, दार, सगळं पितळी पत्र्याचं. समोरच्या भिंतीवर उठावाची अक्षरं : श्री. रत्नाकर विश्वनाथ शेटे आणि परिवार. मध्ये एक खिडकी येत होती. 'परिवार' बसेना. म्हणून खिडकी बुजवली.

महाराजांचा जुना रेडिओ त्याच खिडकीत असायचा. तो पुढे बंद पडला. मग शेठनी नवा आणला, डिजिटल. त्याला खरखर माहीत नाही. लहर पुरेशी मिळाली तर शेजारी बसल्यासारखा बोलतो, नाही मिळाली तर मुकाट.

आल्यापासून तो मुकाटच होता.

एरवी चाललं असतं. पण आज दहा वाजता शंभूगिरींचं जुनं ध्वनिमुद्रण लागायचं होतं.

शंभूगिरी म्हणजे महाराजांचे गुरुबंधू. दोघे एका ताटात जेवलेले. ते गायला लागले की मठातली गाय रवंथ थांबवायची, असं सांगतात; मी गाय पाहिली आहे, ती तशी रसिक वाटली नाही, पण सांगतात. गेल्या थंडीत त्यांना झटका आला आणि वाचा गेली. आता तो आवाज फक्त फितीवर उरला होता.

"ऐकवणार म्हणजे ऐकवणार!" शेठनी भर सभामंडपात शब्द दिला होता.

म्हणूनच आज गोदाक्का आली होती. शंभूगिरींची सख्खी बहीण. पलीकडच्या वाडीतून उन्हाची पायी निघालेली. हातात पाण्याचा पितळी तांब्या. दारात येऊन तिने पदर डोक्यावर घेतला.

"लागलं का वो आमच्या दादाचं?"

"लागेल, लागेल. पण अक्का, तो तांब्या घेऊन आत नका येऊ."

"का वो शेठ?"

"धातू आहे. धातू लहरींच्या आड येतो. याचं शास्त्र असतं."

गोदाक्काने तांब्याकडे पाहिलं, मग शेठकडे. तांब्या घेऊन ती अंगणात गेली आणि कडुनिंबाच्या पारावर बसली.

महाराजांनी एकदा छताकडे पाहिलं.

"रत्नाकरा, आपणही बाहेर बसू या का?"

"महाराज, हे घरातले अँटेना आहेत. पाकिटावर छापलंय तसं."

"छापलंय होय..."

"हो."

"मग राहिलं."

दहाला थोडा वेळ होता. शेठनी दांडी ओढली. रेडिओ गप्प. तार भिंतीवर चिकटवली, नेमकी स्वतःच्या नावाखाली. गप्प. कडं घेतलं. पूर्वेला फिरवलं, पश्चिमेला फिरवलं, डोक्यावर धरून प्रदक्षिणा घातली. मंडळी दारात जमली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "शेठ, आरतीचं ताट तेवढं राहिलं."

शेठना हसू आलं नाही. पेटी लावली. तिचा लाल डोळा लाल राहिला.

दहा वाजले.

"सुरू झालं असेल का वो?" अंगणातून आवाज आला.

शेठनी पेटी हलवून पाहिली.

"ही जागाच जड आहे," शेठ कपाळ पुसत म्हणाले. "महाराज, तुमचं तेजच इतकं... मी सगळीकडे सांगत असतो. या खोलीत पाऊल टाकलं की माझा मोबाईलसुद्धा मौन धरतो. इतकी वर्षं येतोय, आधी कधी असं नव्हतं. गेल्या वर्षीपासून तुमची साधना..."

बोलता बोलता ते थांबले. का थांबले, ते त्यांनाही लगेच कळलं नाही.

महाराज त्यांच्याकडे बघत होते. रागाने नाही.

"गेल्या वर्षीपासून..." महाराज म्हणाले.

मग ते उठले. रेडिओच्या सगळ्या तारा काढल्या. रेडिओ तान्ह्या पोरासारखा उचलून कडेवर घेतला आणि उंबरा ओलांडून अंगणात गेले. पारावर गोदाक्काजवळ, तिच्या तांब्याला टेकवून त्यांनी तो ठेवला आणि त्याची स्वतःची बोटभर दांडी वर केली.

क्षणभर काही नाही.

आणि शंभूगिरी गायला लागले.

मधूनच. वरच्या सुरावरून खाली उतरता उतरता. थोडा फाटका, पण जवळचा, पारावरच कुणी बसलंय असा. गोदाक्काने हात पुढे केला आणि रेडिओवर ठेवला, कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा.

खोलीत रत्नाकरशेठ एकटे उरले. एका हातात कडं, दुसऱ्यात तार. इथवर आवाज येत होता, पण दुसऱ्याच्या घरातल्या लग्नासारखा.

ते दाराकडे निघाले. उंबऱ्याबाहेर पाय पडला मात्र, खिशातला मोबाईल जागा झाला. अडकून पडलेले निरोप एकामागून एक वाजू लागले. टिंग. टिंग. टिंग. सगळ्यांनी वळून पाहिलं. शेठनी खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला, चोरी लपवावी तसा.

मागे वळून पाहिलं तर नाव चमकत होतं. परिवारासकट.

पाराकडे जायला पाय उचलेना. तांब्या दिसत होता. एवढासा. त्याला टेकून रेडिओ गात होता.

एक तान गेली, दुसरी अर्धवट राहिली, टाळ वाजले आणि निवेदिकेचा आवाज आला : आता ऐका कापसावरची कीड आणि उपाय.

"संपलं?" गोदाक्काने विचारलं.

"संपलं," महाराज म्हणाले.

"पहिल्यानं बी असंलच की काही..."

"होतं."

गोदाक्काने रेडिओवरचा हात काढला. मग पदराने डोळे टिपले, तांब्या उचलला आणि उठली. चार पावलं चालून ती शेठसमोर आली. शेठना वाटलं, आता बोलेल. बोलावं. वाटेल ते बोलावं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

"तुमच्यामुळं ऐकायला मिळालं, शेठ. देव तुमचं बरं करो."

शेठचे ओठ हलले. आवाज आला नाही. खरखरसुद्धा नाही.

ती वाडीच्या वाटेला लागली. मंडळी पांगली. महाराज कापसावरची कीड ऐकत बसले होते, मन लावून.

रत्नाकरशेठ आले आणि पारापाशी मातीत बसले. पांढऱ्या धोतराची पर्वा केली नाही. मान वर होत नव्हती.

"महाराज... तो तांब्या..."

"हं."

"मी तिला म्हणालो, धातू..."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

महाराजांनी रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

वारा आला. कडुनिंबाची पानं शेठच्या पाठीवर पडली. त्यांनी ती झटकली नाहीत.

"उद्याच माणसं आणतो," ते अखेर म्हणाले. "सगळा पत्रा उतरवतो. छत, भिंती, नाव, सगळं. खिडकी पुन्हा उघडतो. कुणाला विचारणार नाही, एक खिळा ठेवणार नाही. महाराज, शब्द देतो!"

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. सभामंडपात चढायचा तसा.

महाराजांनी त्यांच्या पाठीवरचं एक पान उचललं. उलटसुलट करून पाहिलं.

"उतरव," ते म्हणाले. "पण उतरवल्याची पाटी कुठे लावशील, रत्नाकरा?"