हंसपटावरचे पांढरे ठिपके

पूर्वी तगर नगरावर दृढसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्माला आले आणि मोठेपणी राजाचे पारखी झाले. लाकडी ठशांनी छापलेले जुने कापडी पट पाहून ते कुठले, कधीचे आणि काय मोलाचे हे सांगणे त्यांचे काम. लोक त्यांना सुनेत्र पंडित म्हणत. त्यांची मुलगी नंदिका त्यांच्या हाताखाली शिकत होती. ती हुशार होती, पण दाराची कडी वाजली तरी दचकायची.

एकदा राजाने दवंडी पिटवली की, रंगाऱ्यांच्या जुन्या हंसठशाचा अस्सल पट जो आणील त्याला पटाच्या भारोभार सोने मिळेल. तो ठसा रंगाऱ्यांच्या सभागृहात कुलपात होता. त्याचा जुना पट मात्र कोणी पाहिलेला नव्हता.

झाले! घरोघर हंसपट निघू लागले. कोणी काताच्या पाण्यात बुडवलेला, कोणी चुलीवर धुरकटवलेला. एकावर तर हंसांना मोराचे तुरे होते.

"आमच्या पणजीचा आहे हो," एक बाई म्हणाल्या.

बोधिसत्त्वांनी पट हातात घेतला. कात बोटांना लागला. "बाई, पणजी अजून वाळल्या नाहीत."

बाई फणकाऱ्याने गेल्या आणि दुपारी तोच पट उन्हात वाळवून परत आल्या.

नंदिकेने कपाळावर हात मारला. "बाबा, आता न बघताच खोटा म्हणून टाका! दहांतले नऊ लबाड असतात."

"आणि दहावा?"

"तो येतच नाही ना!"

राजाही वैतागला. त्याने दुसरी दवंडी दिली, "उद्या शेवटची पारख. खोटा पट आणील त्याला नगराबाहेर घालवीन."

मग दरबारात दोघेच आले. एक भद्दाली श्रेष्ठी, नगरातला मोठा व्यापारी. आदल्या संध्याकाळी तो बोधिसत्त्वांच्या कानाशी लागला होता, "माझा पट खरा म्हणा, अर्धे सोने तुमचे." बोधिसत्त्वांनी हात जोडून त्याला दार दाखवले होते. दुसरी रेवा, एका रंगाऱ्याची म्हातारी विधवा. कानाने जड असल्याने तिला दुसरी दवंडी ऐकूच गेली नव्हती.

रेवेने पट उलगडला. हंसांच्या अंगावर जागोजागी ताज्या निळ्या रंगाचे थेंब होते. दरबार हसला. "कालचा रंग!" भद्दाली ओरडला. "घालवा हिला!" शिपाई पुढे सरकले.

"आजी, हा पट कधीचा?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"काय म्हणता?"

"कधीचा आहे?"

"हो, हो, हंसांचाच आहे."

बोधिसत्त्वांनी डोळे मिटले. खोटा हा शब्द अगदी ओठांवर आला होता. नंदिकेलाही तो दिसला. पण त्यांनी श्वास घेतला, म्हातारीजवळ जाऊन बसले आणि एका थेंबावर बोट ठेवून मोठ्याने विचारले, "आजी, हा रंग कोणी भरला?"

"मीच भरला. पांढरी पांढरी भोकं दिसत होती. राजाकडे भोकाचं लुगडं नेसून कुणी जातं का?"

बोधिसत्त्व उठले. "महाराज, पाणी मागवा. हा पट धुवायचा आहे."

"आणि पटच विरघळला तर?" राजा म्हणाला. "मग तिच्याबरोबर तूही जाशील."

"जाईन."

नंदिकेने पदर तोंडात धरला. पट पाण्यात बुडाला. ताजे थेंब निळ्या धुरासारखे वाहून गेले. जुना पक्का रंग तसाच राहिला आणि हंसांवर पांढरे ठिपके उघडे पडले. बोधिसत्त्वांनी सभागृहातून ठसा आणवला. पटावर जिथे ठिपका, नेमके तिथे ठशाला किड्याने पाडलेले भोक होते. ठशात मात्र त्याहून कितीतरी जास्त भोके होती.

"महाराज, हा पट छापला तेव्हा किड्याने नुकते खायला घेतले होते. पुढची भोके नंतरची. पट अस्सल आणि जुना."

"माझ्या पटावर तर एकही ठिपका नाही," भद्दाली घाईने म्हणाला. "म्हणजे माझा किड्याच्याही आधीचा!"

"मग ठेवा ठशावर."

भद्दालीने ठेवला. त्याच्या हंसाची मान ठशाच्या काठाबाहेर गेली.

राजा कडाडला, "घालवा याला!"

"नको, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "याला माझ्या दारात बसवा. येणारा प्रत्येक पट आधी याने बघावा."

भद्दालीने बाहेर पाहिले. पणजीवाल्या बाई पट घेऊन उभ्याच होत्या. "महाराज," तो रडकुंडीला आला, "नगराबाहेरच घालवा!"

रेवेला सोने मिळाले. निघताना तिने बोधिसत्त्वांना हळूच विचारले, "मग आता ती भोकं नीट भरून देऊ का?"

"आजी!" बोधिसत्त्व म्हणाले, आणि मग हसले.

ही कथा विहारात सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षुणींनो, तेव्हाची रेवा म्हणजे सकाळपासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारी ही वृद्ध थेरी. नंदिका म्हणजे तिच्यावर वैतागून उठून गेलेली आणि आता दाराआड उभी असलेली तरुण भिक्षुणी. पारखी मीच होतो. वैताग मलाही आला होता. तो आवरून आणखी एकदा नीट पाहणे, हीच क्षांती, हाच धीर."

दाराआडची भिक्षुणी दचकली आणि खाली मान घालून आत आली.

थेरीने तिची बाही ओढली. "कसला पट म्हणाले गं?"

भिक्षुणीने श्वास घेतला आणि तिच्याजवळ बसली. "हंसांचा, आजी," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."